मावशींची ठेव आणि बँकेचें खातें

महिन्याची पहिली तारीख आली कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं एक लहानसा व्यवहार होतो. सकाळचीं भांडीं घासून झालीं, धुणें वाळत पडलें, म्हणजे मावशी पदराला हात पुशीत स्वयंपाकघराच्या दाराशीं उभ्या राहतात. घरांतील वडीलधारी स्त्री कपाटांतून डबा काढते, नोटा दोनदां मोजते आणि त्यांच्या हातावर ठेवते. पावती नाहीं, साक्षीदार नाहीं, हिशेबाची वही बहुधा नाहीं. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या केवळ विश्वासावर चालत आला आहे, आणि हा विश्वास म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबाचें एक भूषणच आहे, असें मीहि कालपरवांपर्यंत मानीत असें. आतां माझें मत बदललें आहे. तें कां बदललें, आणि बदलल्यावरहि आमच्या हातून दुसरी चूक कशी झाली, हें वाचकांपुढें मांडण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

आमचें घर पुण्यांत, जुन्या वाड्याच्या जागीं बांधलेल्या इमारतींत आहे. आम्ही दोघे भाऊ, आमच्या बायका, मुलें, सुना, नातवंडें मिळून तेरा माणसें एकत्र राहतों. धुणें-भांडीं करणाऱ्या बाई आमच्याकडे बावीस वर्षें आहेत. त्यांचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. घरांत लहानथोर सारे त्यांना मावशी म्हणतात, तसेंच मीहि म्हणतों. २०२३ सालापर्यंत घराच्या किल्ल्या व खर्चाची वही आमच्या मातोश्रींकडे होती. मावशींचा पगार त्याच देत, आणि मावशी त्यांतील शंभर-दोनशें, कधीं पांचशें रुपये तेथल्या तेथें त्यांच्याजवळ परत ठेवीत. "घरी नेले तर राहत नाहीत आजी, तुमच्यापाशी असू द्या," असें त्या म्हणत. मातोश्री तो आकडा वहींत मांडीत. मुलीच्या लग्नांत आणि धाकट्या मुलाच्या शाळेच्या वेळीं ही ठेव मावशींच्या उपयोगीं पडली होती.

त्या वर्षीं कार्तिकांत मातोश्री वारल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मावशींनीं भीत भीत आपली ठेव मागितली. त्यांच्या हिशेबानें ती १८,५०० रुपये होती. वहींतील बेरीज १६,००० भरली. मीं वही दोनदां तपासली. बेरीज चुकलेली नव्हती. उघड कोणी बोललें नाहीं, पण स्वयंपाकघरांत कुजबुज झाली. ती थांबविण्याचें काम घरांतील वडील या नात्यानें माझें होतें आणि तें मीं केलें नाहीं. उलट, "वहींत आहे त्याप्रमाणें घ्या," असें म्हणून सोळा हजार रुपये त्यांच्या हातीं दिले, आणि तेहि कांहीं उपकार केल्याच्या सुरांत. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेला मी माणूस. लिहिलेलें तें खरें, न लिहिलेलें तें खोटें, ही संवय हाडींमांसीं खिळलेली. मावशींनीं पैसे घेतले, एक शब्द बोलल्या नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या वेळेला कामावर आल्या.

पुढें चैत्र आला. पाडव्याला नवें पंचांग खुंटीला लागलें, आणि शके १९४५ चें जुनें पंचांग काढून ठेवतांना मीं तें सहज चाळलें. आश्विनाच्या पानाच्या कडेला मातोश्रींच्या थरथरत्या अक्षरांत, पेन्सिलीनें, लिहिलेलें होतें : 'मावशी, दिवाळीचे २५०० ठेवले.' त्या दिवशीं वही हाताशीं नसेल, पंचांग असेल. दुपारींच मीं ते पैसे मावशींपुढें ठेवले आणि हात जोडून चूक कबूल केली. त्यांनीं नोटा मोजल्या नाहींत. "पैशाचं काय मास्तर, ते आज ना उद्या कुठनं तरी आले असते," त्या म्हणाल्या, "पण चार महिने मी या घरात खोटी ठरले होते, ते कोण भरून देणार?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें व आजहि नाहीं.

संस्कृत शिकलेल्या माणसाला वास्तविक हें आधींच सुचावयास हवें होतें. आपल्या स्मृतिकारांनीं न्यायसभेंत येणाऱ्या वादांचे अठरा विषय सांगितले आहेत. त्यांत 'निक्षेप', म्हणजे विश्वासानें ठेवलेली ठेव, हा एक विषय आहे आणि 'वेतनादान', म्हणजे ठरलेलें वेतन न देणें, हा दुसरा. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर, काम करणारा व त्याचा धनी यांच्यामध्यें काय ठरलें आहे हें शेजाऱ्यांना ठाऊक असावें, असें सांगून वेतन बुडविणाऱ्या धन्याला दंडहि लावलेला आहे. शेजाऱ्यांना कशासाठीं ठाऊक असावें? उद्यां वाद पडला तर दुबळ्या पक्षाची साक्ष देणारा कोणीतरी असावा म्हणून, असेंच मला वाटतें. मावशींच्या बाबतींत मातोश्री याच धनी, त्याच सावकार आणि त्याच साक्षीदार होत्या. त्या गेल्या आणि साक्ष बुडाली. कौटिल्याच्या त्या शेजाऱ्याचें काम आज बँकेचें पासबुक करूं शकतें.

आपल्या वर्गाला हें पासबुक कांहीं नवें नाहीं. १९३५ सालीं पुण्यांत बँक ऑफ महाराष्ट्र स्थापन झाली तेव्हांपासून आपल्या वाडवडिलांनीं तीं कपाटांत जपून ठेवलीं. माझें निवृत्तिवेतन बँकेंतच जमा होतें. तें कोणी कारकुनानें आपल्या डब्यांत ठेवून मागेन तसतसें द्यावें, हें मला चाललें असतें काय? १९८० सालीं याच पुण्यांतील मोलकरणींनीं संप केला आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं मंडळ स्थापण्याचा कायदा महाराष्ट्रांत झाला. तरी घरोघरचा पगार डब्यांतूनच निघत राहिला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां साडीच्या घडींत आणि धान्याच्या डब्यांत दडविलेली कष्टाची शिल्लक घेऊन या बायका रांगांत उभ्या राहिल्या. तीं दृश्यें आपण सर्वांनीं पाहिलीं, आणि विसरलों.

पाडव्याच्या प्रसंगानंतर मीं घरांत जाहीर केलें कीं, यापुढें मावशींचा पगार बँकेंतच जमा व्हावयाचा. त्याच वर्षीं, २०२४ च्या पावसाळ्यांत, राज्य सरकारची लाडकी बहीण योजना सुरू झाली. तिचे पैसे आधारशीं जोडलेल्या खात्यांत येतात, म्हणून मावशींनीं आपल्या वस्तीजवळच्या शाखेंतील एक जुनें, पडून राहिलेलें खातें चालू करून घेतलें होतें. माझ्या पुतण्यानें त्यांच्याकडून खात्याचा क्रमांक घेतला आणि दसऱ्यानंतर दर पहिल्या तारखेला पगार आपोआप तेथें जाऊं लागला. घरांत सर्वांना समाधान वाटलें. मावशींना काय वाटलें हें कोणीं विचारलें नाहीं.

तिसऱ्या महिन्यांत मावशी किराण्यासाठीं हजार रुपये उसने मागूं लागल्या. पगार होऊन चार दिवसहि झाले नव्हते. खोदून विचारलें तेव्हां उलगडा झाला. खातें मावशींच्या नांवाचें होतें, पण त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक धाकट्या मुलाचा होता. खातें चालू करण्याचा अर्ज त्यानेंच भरला होता आणि आईचा फोन साधा म्हणून स्वतःचा नंबर घातला होता. बँकेचे निरोप त्याच्या फोनवर, एटीएमचें कार्ड त्याच्या खिशांत, यूपीआयचा व्यवहार त्याच्या बोटांवर. मुलगा व्यसनी नाहीं, दुष्टहि नाहीं. मोटारसायकलचा हप्ता थकला होता, आईचे पैसे समोर दिसत होते. पुढच्या महिन्यांत भरूं, असें म्हणून त्यानें ते काढले, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हां काढले. पूर्वीं रोख पगार मावशींच्या हातांत पडे आणि त्यांतील कांहीं तरी त्या बाजूला ठेवूं शकत. आम्हीं सुधारणा म्हणून तो बँकेंत पाठविला आणि त्यांच्या हातांतून काढून घेतला.

या दुसऱ्या चुकीनें मला जें शिकविलें तेंच या लेखाचें सार आहे. खातें कोणाच्या नांवाचें आहे, एवढें पाहून भागत नाहीं; त्या खात्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे तें पाहावें लागतें. हल्लींच्या काळीं ही किल्ली म्हणजे खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक होय.

मग मावशींना भरपगारी सुटी देऊन एका मंगळवारीं मी त्यांच्याबरोबर शाखेंत गेलों. मुलालाहि मुद्दाम नेलें. चोर पकडल्याचें रूप त्या गोष्टीला येऊं द्यावयाचें नव्हतें, आणि जें व्हावयाचें तें त्याच्यादेखत झालेलें बरें होतें. खात्यावर मावशींचा स्वतःचा क्रमांक घातला, जुनें कार्ड बंद करून नवें मागविलें. आधारलाहि मुलाचाच क्रमांक जोडलेला होता. तो तसाच राहिला असता तर आधारवरून येणारा सांकेतिक अंक त्याच्याकडेच जात राहिला असता, म्हणून दुसऱ्या दिवशीं आधार केंद्रांत जाऊन तोहि बदलला. नव्या कार्डाचा गुप्त अंक मावशींनीं स्वतः ठरविला. तो मला ठाऊक नाहीं, आणि ठाऊक नसावा हेंच योग्य.

ज्या कुटुंबांना हा बदल करावयाचा असेल त्यांच्यासाठीं आमच्या या दोन चुकांतून निघालेल्या कांहीं गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट विचारण्याची. पगार बँकेंत हवा कीं हातांत, कीं थोडा हातांत व थोडा बँकेंत, हें बाईंनींच ठरवावें. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत वाण्याचें, भाड्याचें देणें रोखीनें असतें. त्यासाठीं अर्धा दिवस बुडवून त्यांना बँकेंत जावें लागत असेल, तर आपली सोय ती त्यांची गैरसोय होते. आमच्या मावशी हल्लीं पगारांतील एक हजार रुपये हातीं घेतात आणि बाकीचे खात्यांत. खात्यांत पैसे दिसले तर सरकारी मदत बंद होईल, अशीहि भीति कित्येकींना असते. ती हंसण्यावारी न नेतां, त्या त्या योजनेच्या अटी त्यांच्यासमोर वाचून दाखवाव्या व मग निर्णय त्यांच्यावर सोडावा.

दुसरी गोष्ट खात्याची. २८ ऑगस्ट २०१४ रोजीं सुरू झालेल्या जनधन योजनेचें खातें किंवा त्याच धर्तीचें मूलभूत बचत खातें असेल, तर किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते व शिल्लक संपली म्हणून दंड पडत नाहीं. महिन्यांतून निदान चार वेळां पैसे काढण्यास शुल्कहि नाहीं. जुनें खातें असेल तर नवें न उघडतां तेंच चालू करून घ्यावें. दोन वर्षें ज्या खात्यांत खातेदारानें कांहीं व्यवहार केला नाहीं तें निष्क्रिय धरलें जातें आणि ओळखीचीं कागदपत्रें पुन्हां देऊन तें जागें करावें लागतें. मुळींच कागदपत्रें नसलेल्या बाईंनाहि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा व छायाचित्र देऊन 'छोटें खातें' उघडतां येतें. मात्र त्यांत शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊं देत नाहींत व महिन्यांत १०,००० रुपयांहून अधिक काढतां येत नाहींत. शाखा त्यांच्या घराजवळची असावी, आपल्या घराजवळची नव्हे. बँक दूर असेल तर १ सप्टेंबर २०१८ पासून चालू झालेली टपाल खात्याची पेमेंट्स बँक आहे. तिचा पोस्टमन घरीं येऊनहि व्यवहार करून देतो. आणि खातें उघडण्यासाठीं जाणाऱ्या दिवसाचा पगार कापूं नये, हें सांगावयास नकोच.

तिसरी गोष्ट किल्लीची, जी वर सांगितली. मोबाइल क्रमांक बाईंचाच असावा. फोन साधा असला तरी पैसे जमा झाल्याचा निरोप त्यावर येतो. पैसे घेण्यासाठीं गुप्त अंक कधींहि लागत नाहीं. तो लागतो केवळ पैसे देतांना. "पैसे आले आहेत, अंक घाला," असें जो सांगतो तो लुबाडणारा, एवढें एक वाक्य त्यांना पाठ करून द्यावें. अंगठा लावून पैसे देणाऱ्या दुकानदाराकडे गेल्यास दर वेळीं छापील चिठ्ठी मागून घ्यावी. इतकें करूनहि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी लागते. तेवढें आपण त्यांच्याबरोबर बसून करावें.

चौथी गोष्ट खास आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांची. आमच्याकडे धुण्याचे पैसे धाकटी भावजय देई, भांड्यांचे मातोश्री, आणि पाहुण्यांच्या दिवसांतील जादा कामाचे कोणीच नाहीं. जो तो समजे कीं दुसऱ्यानें दिले. आतां सर्व रक्कम एकाच खात्यांतून जाते आणि तिच्यासोबत 'मार्च, धुणें-भांडीं' असा शेरा असतो. जादा कामाचे पैसे निराळे, त्यांचा शेराहि निराळा. दिलेली उचल मात्र मुकाट्यानें कापून घेऊं नये. बाईंना सांगून, त्यांच्या समक्ष वहींत लिहून, मगच वळती करावी. नाहीं तर पासबुकांतील कमी आकडा पाहून त्यांनीं काय समजावें? रविवार होता, सण होता, ही सबबहि आतां उरलेली नाहीं. पैसे धाडण्याचीं हीं साधनें रात्रंदिवस, सुटीच्या दिवशींहि चालूं असतात. रोख पगार पहिल्या तारखेला मिळत असेल तर बँकेंतला तिसऱ्या तारखेला मिळतां कामा नये.

पांचवी गोष्ट पुढची. खातें चालूं लागल्यावर वारसाचें नांव घातलें आहे कीं नाहीं तें पाहावें. नोव्हेंबर २०२५ पासून चार नांवें घालतां येतात. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा १८ ते ७० वयापर्यंत मिळतो. ४३६ रुपयांत तितक्याच रकमेचा आयुर्विमा १८ ते ५० या वयांत घेतां येतो. आमच्या मावशींचें वय चोपन्न. त्यांनीं पहिला घेतला. त्यांची सून एकोणतीस वर्षांची आहे व तीहि चार घरीं काम करते. तिनें अटल पेन्शन योजनेचा अर्ज भरला आहे, कारण त्या योजनेंत चाळिशीच्या आंतच शिरतां येतें. साठीनंतर आपल्या नांवानें दरमहा कांहीं रक्कम येणार, ही कल्पना त्यांच्या घरांत आजवर कोणाच्या स्वप्नींहि नव्हती. मात्र हे हप्ते खात्यांतून आपोआप कापले जातात. नीट समजावून सांगितल्यावांचून अशा अर्जावर त्यांची सही घेऊं नये.

कांहीं गृहस्थ मला विचारतात कीं, एवढा लेखी पुरावा निर्माण केला तर उद्यां तो आपल्यावरच उलटणार नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर मी असें देतों : आपण ठरलेला पगार ठरल्या दिवशीं देत असूं, तर तो पुरावा आपलाहि आहे. मातोश्रींची वही व मावशींचें पासबुक शेजारीं शेजारीं असतें, तर आमच्या घरानें एका प्रामाणिक बाईला चार महिने मनांतल्या मनांत चोर ठरविलें नसतें. संस्कृतांत नोकराला 'भृत्य' व वेतनाला 'भृति' म्हणतात. 'भृ' म्हणजे पोसणें, भार वाहणें. पोसणारे आपण, अशी आपली समजूत. पण बावीस वर्षें आमच्या तेरा माणसांच्या घराचा भार रोज सकाळीं कोणीं वाहिला, हें मला माझ्याच घरांत दुसऱ्या कोणीं सांगावें लागूं नये.

एका गोष्टीची भरपाई मात्र बँक करूं शकत नाहीं. मातोश्री पगार देण्यापूर्वीं मावशींना चहा देत, मुलाबाळांची विचारपूस करीत. पैसे आपोआप जाऊं लागले तशी पहिली तारीख घरांत कोणाच्या ध्यानांतहि येईनाशी झाली. म्हणून आतां आमची मोठी सून त्या दिवशीं मावशींना बसवून चहा देते, "पैसे पाठविले मावशी, निरोप आला का पाहा," असें म्हणते आणि त्या फोन काढून आकडा वाचीपर्यंत समोर बसून राहते. मावशींना अक्षरें अडखळत वाचतां येतात. आकडे चांगले येतात.

गेल्या महिन्यांत त्या पासबुक छापून घेऊन आल्या आणि तें माझ्यापुढें धरून म्हणाल्या, "मास्तर, बेरीज बघा बरं." मीं चष्मा लावून ओळीनें पाहिलें. बेरीज बरोबर होती. शके १९४५ चें तें पंचांग मीं अजून टाकलेलें नाहीं. तें माझ्या मेजाच्या वरच्या खणांत आहे.